बोंबेचा नियम

सरांना पहिली शिसारी आली ती वासाची. नव्या पुस्तकाचा वास लोकांना आवडतो आणि सरांनाही तो आयुष्यभर आवडत आला होता. पण हे पुस्तक उघडल्याबरोबर डिंक, शाई आणि पेपरमिंट असा मिश्र दर्प नाकात शिरला. पेपरमिंट सरांच्या विभागातल्या पट्टशिष्याची. तो बोलताना, वाचताना आणि बहुधा झोपेतही ती चघळत असे. पुस्तकावर नाव सरांचं होतं. आत फोटो सरांचा होता, आजारपणाच्या आधीचा, दोन्ही गाल एका पातळीवर असलेला. मलपृष्ठावर सरांची सही छापली होती. एवढं सगळं सरांचं असून त्यात एकच गोष्ट त्यांची नव्हती, ती म्हणजे पुस्तक.

ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं. लिहिणं शक्यच नव्हतं. दीडेक वर्षापूर्वी मेंदूतल्या एका रक्तवाहिनीनं अचानक काम बंद केलं आणि जाताना सरांचा उजवा हात आणि निम्मी जीभ घेऊन गेली. डोकं पूर्वीसारखंच चाललं होतं, फक्त आतलं बाहेर यायला वाट उरली नव्हती. शब्द एकेक करून, बँकेच्या खिडकीवर नंबर पुकारल्यासारखे बाहेर पडत, आणि पुष्कळदा भलताच नंबर पुकारला जाई.

आता सरांचा धंदा काय, हे सांगायला हवं. तो होता दुसऱ्यांची पत्रं वाचण्याचा. पत्रंही दोन हजार वर्षांपूर्वीची, त्यामुळे तक्रार करायला कोणी उरलेलं नव्हतं. ख्रिस्ती धर्माच्या अगदी सुरुवातीला एक प्रेषित गावोगावच्या मंडळ्यांना पत्रं पाठवत असे. त्याच्या नावावरची काही पत्रं त्याचीच आहेत याबद्दल विद्वानांत फारसा तंटा नाही. काही मात्र त्याच्या मागे इतरांनी त्याचं नाव लावून लिहिली असावीत असं बरेच जण मानतात, आणि ती नेमकी कुठली, या प्रश्नावर त्यांची पोटं भरतात. सरांचंही भरलं, चांगलं भरलं.

अशा एका संशयित पत्राच्या शेवटी लिहिणारा आवर्जून सांगतो की हा नमस्कार मी स्वतःच्या हातानं लिहितो आहे, माझ्या प्रत्येक पत्राची हीच खूण. शिवाय त्याच पत्रात, आमच्या नावानं कुणी भलतंच पत्र दाखवलं तर गडबडून जाऊ नका, असंही बजावतो. तरुणपणी हे वाचून सर मोठ्यानं हसले होते. त्या हसण्यातून त्यांचा सिद्धांत निघाला. ज्याचं खरोखर असतं तो सांगत बसत नाही; जो उठता बसता माझंच माझंच म्हणतो, त्याचं ते नसतं. ग्रंथात या सिद्धांताला भारदस्त नाव होतं. विद्यार्थी त्याला ‘बोंबेचा नियम’ म्हणत, आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येई.

पण सर मनानं मोठे. त्या जुन्या नकलाकारांना ते लबाड म्हणत नसत. वर्गात हात पसरून सांगायचे, याला बनवेगिरी म्हणू नका, ही भक्ती आहे. गुरू जातो, नाव उरतं, शिष्य त्या नावात आपला जीव ओततो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं होतं, गुरूला विचारलं होतं का कुणी? वर्ग हसला, सरही हसले. ती मुलगी त्यांची स्वतःचीच असल्यानं उत्तर घरी देता येईल म्हणून त्यांनी तो प्रश्न पुढे ढकलला. तो ढकललेलाच राहिला.

तर त्या दिवशी पुस्तक मांडीवर घेऊन सर खुर्चीत बसले होते आणि बायको त्यांच्यासाठी पानं उलटत होती. बायको शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर शिट्टी परत केली, पण आवाज परत करायचा राहून गेला होता.

“अहो, हे तुमच्यासारखंच वाटतंय की,” ती म्हणाली. “दर परिच्छेदाच्या शेवटी ‘असो’ आहे.”

तीच तर किळस होती. सर आयुष्यात ‘असो’ लिहीत, पण मीठ टाकावं तसं. इथे कुणीतरी मिठाची बरणीच उपडी केली होती. त्यांची आवडती उपमा, त्यांचा वर्गातला विनोद, त्यांचं ते ‘वाचकानं रागावू नये’, सगळं होतं, आणि एकही गोष्ट जागेवर नव्हती. आपलं न धुतलेलं बनियन दुसऱ्यानं अंगात घालून गावभर मिरवावं आणि ओळखीच्यांनी कौतुकानं म्हणावं, अगदी तुमच्यासारखे दिसतात हो, तसं झालं. बायकोनं आणखी चार पानं उलटली आणि तिचा आवाज शाळेच्या मैदानावरचा झाला.

“हे काय आहे?”

ते शेवटचं प्रकरण होतं. त्या जुन्या पत्रांत एक लांबलचक पत्र असं आहे की त्यावर कुणाचंच नाव नाही. पुढच्या लोकांनी ते प्रेषिताच्या नावाखाली घुसवलं, पण कुणी लिहिलं ते कुणालाच ठाऊक नाही. ते एखाद्या बाईनं लिहिलं असू शकेल, असंही काहींनी म्हटलेलं आहे. सरांच्या मुलीनं याच प्रश्नावर आठ-नऊ वर्षं घालून ग्रंथ लिहिला होता. तो विद्यापीठाच्या प्रकाशन समितीकडे पडून होता आणि समितीचा प्रमुख होता पट्टशिष्य. सरांनी आजारी पडण्यापूर्वी तो ग्रंथ वाचला होता, प्रत्येक पानावर भांडले होते आणि शेवटी मान्य केला होता. आता सरांच्या नावाखाली छापलेलं होतं, की ते पत्र स्त्रीनं लिहिल्याची ही कल्पना बालिश आहे, आणि दुर्दैवानं माझ्या अगदी जवळची माणसंही तिला बळी पडली आहेत. असो.

सरांच्या घशात काहीतरी आंबट आलं. बायकोनं भांडं पुढे धरलं, पण ते पोटातून आलेलं नव्हतं.

पट्टशिष्य दुसऱ्याच दिवशी आला, प्रकाशनाचं निमंत्रण घेऊन. येताना फुलं आणली होती आणि आल्याबरोबर खाली वाकून सरांची चप्पल सरळ केली. सरांनी पुस्तकावर डावा हात आपटला आणि बराच वेळ धडपडून दोन शब्द बाहेर काढले.

“माझं नाही.”

पट्टशिष्याचे डोळे भरून आले. तो रडण्याच्या बाबतीत फार तत्पर होता. म्हणाला, सर, टिपणं तुमचीच आहेत, मी फक्त जुळवाजुळव केली. हात चालता असता तर तुम्ही हेच लिहिलं असतं. शेवटचं प्रकरण कुठल्या टिपणात होतं, हे बायकोनं विचारलं तेव्हा तो म्हणाला की ते टिपणात नव्हतं, पण सरांच्या विचारांत अव्यक्त होतं. मग सरांकडे वळून, पेपरमिंट या गालातून त्या गालात सारत, तो अतिशय प्रेमानं बोलला.

“तुम्हीच शिकवलंत ना, सर? ही बनवेगिरी नाही. भक्ती आहे.”

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, लाळेत घोळून परत आलेलं सरांनी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी डोळे मिटले. पट्टशिष्यानं ती संमती समजली आणि निघताना फुलं फुलदाणीत नीट लावून गेला.

समारंभाला जायचं नाही असंच बायकोचं मत होतं. सरांनी जायचं ठरवलं, कारण लोकांसमोर बोलण्याची दुसरी जागा त्यांच्याजवळ नव्हती. चाकाच्या खुर्चीतून त्यांना मंचावर चढवलं. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत मुलगी बसली होती, चेहरा दगडाचा करून. पट्टशिष्यानं अर्धा तास भाषण केलं आणि ध्वनिक्षेपक सरांच्या तोंडापुढे धरला. सरांनी सगळा जोर एकवटला.

“हे... माझं... नाही.”

पट्टशिष्यानं ध्वनिक्षेपक परत स्वतःकडे ओढला आणि तो गहिवरून म्हणाला, “ऐकलंत? सर म्हणताहेत, हे माझं नाही. हे तुम्हा सर्वांचं आहे.” टाळ्यांचा कडकडाट झाला. मागचे लोक उभे राहिले. सर रागानं काहीतरी ओरडले, पण टाळ्यांत ते विरलं आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. पट्टशिष्यानं आपला रुमाल काढून सर्वांदेखत ती टिपली. रुमालालाही पेपरमिंटचा वास होता. छायाचित्रकारानं तो क्षण बरोबर पकडला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तोच फोटो आला, खाली ओळ होती, ‘गुरु-शिष्यांचा हृद्य क्षण’.

मुलगी संध्याकाळी घरी आली. समितीनं तिचा ग्रंथ थांबवल्याचं तोपर्यंत तोंडी कळलं होतं. खुद्द वडिलांनीच बालिश म्हटल्यावर विद्यापीठानं तो कसा छापायचा, असा सवाल होता आणि तसा तो रास्तही दिसत होता. ती चिडली नव्हती. चप्पल काढून ती सरांच्या समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, “बाबा, लिहा. वाकडंतिकडं का होईना, लिहा.”

मग सर डाव्या हातानं लिहायला शिकले. पेन्सिल मुठीत धरून, खडू धरावा तशी. अक्षरं बटाट्याएवढी यायची आणि ओळ उतारावरून घसरल्यासारखी खाली जायची. लिहिता लिहिता त्यांना एक गोष्ट आठवत राहिली आणि ती त्यांना आवडली नाही. ज्या पत्रांबद्दल काहीच वाद नाही अशा एका पत्रातही तो प्रेषित मध्येच म्हणतो, बघा, मी स्वतःच्या हातानं केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितोय. म्हणजे खरा माणूसही कधीकधी बोंब मारतो. हे बोंबेच्या नियमाला चांगलंच अडचणीचं होतं आणि सरांनी त्याची एका तळटीपेत वासलात लावली होती. मुलीनं विद्यार्थिनी असताना ती तळटीप दाखवून विचारलं होतं, बाबा, हे काय? त्या वेळी सरांना जेवायला उशीर होत होता.

पत्र तयार झालं. हे पुस्तक मी लिहिलेलं नाही, शेवटचं प्रकरण तर सपशेल खोटं आहे, हे पत्र मी माझ्या डाव्या हातानं लिहितो आहे, माझ्या नावानं कुणी काही दाखवलं तर विश्वास ठेवू नका. खाली सही. या विषयाला वाहिलेल्या नियतकालिकानं ते हस्ताक्षरासकट छापलं आणि त्याच अंकात, पुढच्याच पानावर, पट्टशिष्याचा लेखही छापला.

लेख उत्तम होता. हे कबूल करताना सरांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. त्यात सरांच्या नियमाचा इतिहास होता, सरांच्या ग्रंथांचे संदर्भ होते, आणि मग प्रस्तुत पत्राला तो नियम लावला होता. लिहिणारा स्वतःच्या हाताचा उल्लेख करतो. इतर लेखनापासून सावध करतो. हस्ताक्षर सरांच्या ज्ञात हस्ताक्षराशी जुळत नाही. वाक्यं आखूड आहेत, एकही ‘असो’ नाही, आणि ‘सपशेल’सारखा अशिष्ट शब्द सरांनी पूर्वी कधी वापरलेला नाही. उलट त्यांच्या अखेरच्या ग्रंथात लेखक कुठेही आपल्या लेखकपणाची ग्वाही देत नाही, हीच त्याच्या अस्सलपणाची खूण. तेव्हा पत्र बनावट ठरतं, आणि त्यामागे घरातल्या एखाद्या स्त्रीचा हात असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

“बघा,” बायको म्हणाली, “बाईनं लिहिलेलं असू शकतं हे आता त्याला पटलं.”

मुलीला मात्र हसू आलं नाही. ती शिकवायची त्या कॉलेजात लोक तिच्याकडे बघून बोलणं थांबवू लागले होते. वडिलांच्या नावानं खोटं पत्र लिहिणारी बाई, म्हणून. सर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बायकोनं पेजेची वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि स्वयंपाकघरातूनच, भांडी विसळता विसळता, सहज बोलावं तसं बोलली.

“अहो, माझं नाही म्हटल्यावर तुमचं ठरलं. मग माझंच आहे म्हणून बघा की.”

सरांच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग त्यांच्या चेहऱ्याचा चालू असलेला अर्धा भाग हसू लागला. अगदी वरात निघाल्यासारखा हसू लागला.

नवं पत्र पहिल्यापेक्षा मोठं झालं आणि लिहिताना फार सुख वाटलं. हा ग्रंथ माझा आहे, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत माझाच आहे. जो नाही म्हणेल तो लबाड. माझ्या नावावर फिरणाऱ्या इतर पत्रांना भुलू नका. बघा, मी स्वतःच्या हातानं केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितोय. ही माझी सही, हीच माझी खूण, ओळखून ठेवा. असो, असो, असो. हे पत्र त्यांनी पट्टशिष्याच्या घरच्या पत्त्यावर पाठवलं, सोबत पेपरमिंटचं एक पाकीट.

कुणीही शहाणा माणूस ते वाचून गप्प बसला असता. पण पट्टशिष्य नियम कधी स्वतःसाठी शिकलाच नव्हता. नियम त्याच्या दृष्टीनं छत्री होता; आपल्यावर पाऊस आला की उघडायची. त्यानं आनंदानं पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली आणि ते पत्र, बटाट्याएवढ्या अक्षरांसकट, पहिल्याच पानावर जसंच्या तसं छापलं. हस्ताक्षर आदल्या पत्राशी तंतोतंत जुळतं, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. विभागातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या आलं. त्या वर्षीही परीक्षेत बोंबेच्या नियमावर प्रश्न होता. एका मुलीनं उदाहरण म्हणून हेच पान घेतलं आणि पट्टशिष्याच्या लेखातले मुद्दे एकेक करून त्याला लावून दाखवले. स्वतःच्या हाताचा उल्लेख आहे. इतर पत्रांपासून सावध केलं आहे. तेव्हा नियम खरा असेल तर हा ग्रंथ बनावट. आणि नियम खोटा असेल तर आधीचं पत्र खरं, म्हणजे ग्रंथ पुन्हा बनावटच. उत्तरपत्रिका तपासायला पट्टशिष्याकडेच गेली. तिला किती गुण द्यावेत हे त्याला ठरवता आलं नाही, आणि तोवर ते उत्तर सगळ्या विद्यापीठात तोंडपाठ झालं होतं.

प्रकाशकानं प्रती परत मागवल्या. समितीला नवा प्रमुख मिळाला आणि मुलीचा ग्रंथ छपाईला गेला.

पट्टशिष्य शेवटचा आला तेव्हा फुलं आणली नव्हती आणि चपलेकडेही बघितलं नाही. डोळे मात्र या वेळी खरोखर लाल होते. तो म्हणाला की आपली नोकरी राहील, पण वर्गात उभं राहिलं की मुलं पेन्सिल मुठीत धरतात. मग त्यानं हात जोडले.

“सर, एकदाच खरं सांगा. कुठलं पत्र तुमचं?”

सरांनी शब्द शोधले. मिळाले तेव्हा ते अगदी स्वच्छ निघाले.

“तज्ज्ञ तू.”

तो गेल्यावर सर्वांनी खूश व्हायला हरकत नव्हती. बायको खूश होती. तिनं आवाज न आवरता जिन्यावरच्या शेजारणीला सगळं सांगितलं. सरांना मात्र तोंडात काहीतरी गोडसर, गार, चिकट लागत होतं. त्यांनी चूळ भरली. ते गेलं नाही.

रविवारी मुलगी आली, हातात ग्रंथाची, छपाईपूर्वी तपासायची मुद्रितं. नवं पत्र बाबांनी लिहिलंय हे तिला आईकडून नुकतंच कळलं होतं. तोवर तिला वाटत होतं की तेही पट्टशिष्यानंच, बाबांचं अक्षर गिरवून बनवलंय.

“तुम्ही लिहिलंत? स्वतःच्या हातानं?”

सरांनी डावा हात वर केला.

“आणि सगळं खोटं.”

“भक्ती,” सर म्हणाले. हा विनोद होता. ती हसली नाही.

ती म्हणाली, हजार दोन हजार वर्षांनी कुणी तपासलं तर कागद खरा निघेल, अक्षर तुमचं निघेल, सही तुमची निघेल, आणि तरी त्यातला एकही शब्द खरा नाही. याला तुमच्या ग्रंथात कुठला रकाना आहे बाबा? सरांनी डोक्यात सगळे ग्रंथ चाळले. रकाना नव्हता. आयुष्यभर त्यांनी पत्रांचे दोन ढीग केले होते, याचं आणि दुसऱ्याचं. स्वतःच्या हातानं खोटं लिहिणारा त्यांना सुचलाच नव्हता. आणि मग त्यांना तो सुरुवातीचा, स्वहस्ते नमस्कार लिहिणारा माणूस आठवला, ज्याला ते तरुणपणी हसले होते. तो कोण होता, देव जाणे. चेला असेल. पण समजा तोच असला तर? म्हातारा, आजारी, आपल्या नावानं भलतीच पत्रं फिरताहेत हे ऐकून हैराण झालेला, कशीबशी लेखणी धरून हा मीच आहे हो, असं सांगणारा. आणि पुढची कितीतरी वर्षं एक जाड चष्म्याचा मनुष्य वर्गावर्गातून त्याची टिंगल करत फिरतोय. त्या मनुष्याची सरांना इतकी घृणा वाटली की त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मुलीनं मुद्रितांतलं प्रस्तावनेचं पान काढलं. त्यात वडिलांनी हा निष्कर्ष मान्य केल्याचा उल्लेख होता. तिनं त्यावर सरळ रेघ ओढली.

“तुमचं प्रशस्तिपत्र नको. एवढा चिखल झाल्यावर ते धुऊनही निघणार नाही. पण चौथं प्रकरण वाचा. तिथे मला स्वतःलाच खात्री नाही.”

सरांनी वाचलं. दुपारभर वाचलं, पेन्सिल मुठीत धरून. चहा आला, गार झाला, बायकोनं तो परत नेला. एका समासात त्यांनी लिहिलं, ‘लंगडा मुद्दा’. दुसऱ्यात लिहिलं, ‘हे माझ्याकडून उचललंस, तेव्हा चूकच असणार’. शेवटच्या पानापर्यंत आल्यावर बायको म्हणाली, आता खाली सही करा, म्हणजे कळेल तरी कुणी तपासलंय. सरांनी मान हलवून नको म्हटलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

मुलीनं पानं उचलली, पहिला समास वाचला, कपाळाला आठी घातली आणि स्टूल ओढून भांडायला बसली.